हलत्या जहाजावर हेलिकॉप्टर उतरवतात तरी कसं? पोरगी नेव्हीत जायचं म्हणायलीय

गंगाकाठ_गंगाखेड

राम राम मंडळी. मी शेतकरी माणूस, गंगाखेड तालुक्यातला. समुद्र आयुष्यात दोनदाच बघितलाय, एकदा मुंबईला अन् एकदा गणपतीपुळ्याला, त्यामुळं अगदी मुळापासनं विचारायलो, समजून घ्या.

माझी मोठी पोरगी अकरावी सायन्सला हाय. दोन वर्षांपासनं तिचं एकच चाललंय, नेव्हीत जायचं अन् हेलिकॉप्टर उडवायचं. विमान नको म्हणती, हेलिकॉप्टरच, अन् तेबी जहाजावरलं. मोबाईलवर व्हिडिओ दाखवत राहती. परवा एक दाखवला, त्यात जहाजाचं मागचं टोक असं वर-खाली व्हायलंय की पाणी डेकवर चढून परत जायलंय, अन् हेलिकॉप्टर त्याच्या वर थांबलेलं, थांबलेलं, अन् मग एकदम खाली बसलं. मी तर डोळे मिटून घेतले. तिची आई उठून आत गेली.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात धाराशिव जिल्ह्यात हेलिकॉप्टरनं माणसं काढली. माझा साडू तिकडलाच, तो सांगत होता की नुसतं जवळ आलं तरी माणसाला उभं राहवत नव्हतं. पण ती झाली जमीन, जमीन जागची हलत नाही. इथं जहाज पुढं पळायलंय, डाव्या-उजव्या अंगाला कलायलंय, वर-खाली व्हायलंय, अन् उतरायला जागा किती तर आपल्या खळ्याएवढी. मग ते उतरतं कसं? उतरल्यावर घसरून पाण्यात का जात नाही? रात्री काय करतात? अन् परत येताना जहाजच सापडलं नाही तर?

मला पोरीला अडवायचं नाही. पण हो म्हणायच्या आधी मी कशाला हो म्हणायलो ते मला कळायला पाहिजे. कुणी नेव्हीत असंल, घरातलं कुणी असंल, तर खरं खरं सांगा. नुसता धीर द्यायला म्हणून सांगू नका.

जुना_एअर_हँडलर

दादा नमस्कार. मी वसमतचा. नेव्हीत पंधरा वर्षं काढली, एअर हँडलर होतो, म्हणजे हेलिकॉप्टर उडवणारा नव्हं, डेकवर त्याला बांधणारा, सोडणारा, ढकलत हँगरमधी, म्हणजे जहाजावरच्या त्याच्या शेडमधी नेणारा. पायलटच्या सीटवरनं काय दिसतं ते पायलटच सांगंल, खालून काय दिसतं ते मी सांगतो, कारण शेकड्यानं लँडिंगं माझ्या डोक्याच्या वर पाच-सात हातांवर झालेली हायत.

व्हिडिओत एक गोष्ट दिसतच नाही. बघणाऱ्याला वाटतं जहाज आपल्या वाटेनं निघालंय अन् पायलट एकटाच त्याच्या मागं लागून उतरायलाय. हेलिकॉप्टर उतरायचं म्हणलं की अख्खं जहाज त्याच्यासाठी वळतं दादा. स्पीकरवर पुकारा होतो, 'हँड्स टू फ्लाइंग स्टेशन्स', अन् ज्याची त्याची जागा ठरलेली. डेकच्या कडेचे कठडे-जाळ्या आडव्या पाडायच्या. आम्ही ओळीनं अख्खं डेक पायी चालून बघायचो, एखादा नट, चिंधी, वायरचा तुकडा राहू द्यायचा नाही, इंजिनानं ओढून घेतला तर खेळ संपला. आग विझवणारी पार्टी सूट घालून फोमचा पाईप धरून उभी. पाण्यात कुणी पडलंच तर सोडायला होडी तयार. अन् वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कॅप्टन जहाज वळवत असतो.

वळवतो ते वाऱ्यासाठी. आपण उफणणी करताना आधी वारा बघून मग उभं राहतो ना, तसं. जहाजाचा स्वतःचा वेग अन् समुद्रावरचा खरा वारा मिळून डेकवर एक तिसराच वारा लागतो, अन् हेलिकॉप्टरचं सगळं गणित त्या तिसऱ्या वाऱ्यावर. पुढून थोडा वारा असला की पंख्याला उचल मिळते, इंजिनावर जोर कमी येतो. पण बरोबर नाकासमोरून आला तर मधला मनोरा अन् हँगर आडवा येतो, त्याच्यामागं हवा गिरक्या घेती, अन् डेक नेमकं त्या गिरक्यांतच असतं. म्हणून पुष्कळदा वारा थोडा तिरपा घेतात. कुठल्या जहाजावर कुठलं हेलिकॉप्टर, वारा कुठल्या कोनातून किती, जहाज किती कललेलं चालंल, ह्याचे तक्ते असतात, आधी ट्रायल घेऊन घेऊन बनवलेले. तक्त्याच्या बाहेर असंल तर उतरायचं नाही, जहाज अजून वळवा, वेग कमी-जास्त करा, मग बघू.

मग हेलिकॉप्टर मागून येतं, आमच्याकडं बहुतेक वेळा डाव्या अंगानं, अन् डेकच्या शेजारी पाण्यावरच जहाजाच्या वेगानं चालत राहतं. पायलटची सीट उजवीकडं, त्यामुळं डेक त्याच्या उजव्या हाताला सारखं नजरेत राहतं. तुमचा 'जहाज पळायलंय' हा प्रश्न इथंच मिटतो बघा. दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी एकाच वेगानं चालले तर ह्या ट्रॉलीतलं पोतं त्या ट्रॉलीत ठेवता येतंच की.

राहिलं हलणं. आता इथं खरी गोम हाय. नव्या माणसाला वाटतं डेक वर आलं की आपण वर घ्यायचं, डेक खाली गेलं की आपणबी खाली. तसं कुणी केलं की गेला, दोघांचा ताल चुकत चुकत शेवटी डेक खालून येऊन आदळतं. पायलटला शिकवतात की डेकच्या मागं लागायचं नाही, क्षितिज बघायचं. अन् हँगरच्या वर दिव्यांचा एक आडवा दांडा असतो, जहाज कितीबी कललं तरी तो सरळच राहतो, तो बघायचा. हेलिकॉप्टर आपल्या जागी थिर, खाली डेक सुपासारखं हलतंय तर हलू द्यायचं. अन् वाट बघायची. लाटा एकसारख्या नसतात, घोळक्यानं येतात, तीन-चार दणकट गेल्या की मधी काही सेकंद जहाज जवळपास सपाट होतं. पंचमीच्या झोक्यावर पोरी कशा चढतात, झोका टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तवाच पाय ठेवतात ना, तसंच. खाली उभा असलेला फ्लाइट डेक ऑफिसर तोच क्षण धरायला उभा असतो, तो हातानं इशारा देतो, पायलट आडवं सरकून डेकवर येतो अन् ठामपणे बसवतो. हळूवार टेकवायचं नसतं. अर्धं टेकलेलं अन् अर्धं उडतं हेलिकॉप्टर सगळ्यात धोक्याचं.

टेकलं की आमची पाळी. डोक्यावर पंखा फिरतच असतो. आम्ही वाकून दोन्ही बाजूंनी पळत आत जायचो, शेपटीकडं चुकूनबी कुणी जायचं नाही, चाकांना चॉक, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावायचे अन् साखळ्या-पट्टे डेकमधल्या कड्यांत अडकवून ताणायचे. ह्याला आम्ही लॅशिंग म्हणतो. घसरत का नाही, तर ह्याच्यामुळं. उडायच्या वेळी उलटं, लॅशिंग काढायचं अन् पायलटच्या समोर येऊन हातात धरून दाखवायचं. तो मोजतो. चार लावल्या तर चार दिसल्या पाहिजेत. एक जरी खाली अडकून राहिली अन् त्यानं उचललं तर त्या एका टोकाभोवती हेलिकॉप्टर जागच्या जागी उलटतं, आवरायला सेकंदसुद्धा मिळत नाही. मी पहिल्यांदा साखळी दाखवायला उभा राहिलो तवा तोंड कोरडं पडलं होतं अन् मोजणाऱ्या पायलटची नजर अजून आठवती.

एकदा पावसाळ्यात, अरबी समुद्रात, जहाजाचं नाव घेत नाही, आमच्या हेलिकॉप्टरला तीनदा माघारी फिरवलं. तिन्ही वेळा ते डेकवर आलं अन् तिन्ही वेळा जहाज असं आडवं झालं की ऑफिसरनं दोन्ही हात हलवून जा म्हणलं. इंधन उतरत चाललेलं सगळ्यांना माहीत. कुणी बोलेना. मग ब्रिजवरून जहाज थोडंसंच वळवलं, आम्हाला पायाखाली कळलंबी लगेच की हलणं बदललं, अन् चौथ्यांदा बसलं. पायलट खाली उतरून पहिलं आमच्याकडं आला अन् एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून गेला. तुम्ही खरं सांगा म्हणलात म्हणून हे सांगितलं. भीती असती. पण पायलट एकटा कधीच नसतो.

गंगाकाठ_गंगाखेड

दादा, दोनदा वाचलं, अन् एकदा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. झोक्याचं तिला लगेच समजलं. पोरगी म्हणली तो सरळ राहणारा दांडा मला माहीत होता, मग मला का नाही सांगितलंस म्हणलं तर म्हणती तुम्ही विचारलंच नाही.

तरी दोन गोष्टी राहिल्यात. रात्रीचं काय? अन् समुद्र इतका खवळला की तुमच्या तक्त्यात बसतच नाही, तर मग ते बिचारं वरच राहणार का?

वाळूज_मशीनवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, मी नेव्हीतला नाही, वाळूज एमआयडीसीत मशीन डिझाइनचं काम करतो पण ह्या विषयाचा वीस वर्षांपासनं नाद हाय.

आधी थोडा इतिहास. जहाजावर हेलिकॉप्टर उतरायचे प्रयोग दुसऱ्या महायुद्धातच सुरू झाले, अमेरिकेत ६ मे १९४३ ला एका टँकर जहाजावर पहिल्यांदा सिकॉर्स्कीचं छोटं हेलिकॉप्टर उतरवून दाखवलं. पण ती हलकी यंत्रं, समुद्र शांत. पुढं पाणबुड्या शोधायला सी किंगसारखं जड हेलिकॉप्टर लहान जहाजावर न्यायचं ठरलं तेव्हा मोठा पेच पडला, अन् तो सोडवला कॅनडानं, १९६० च्या दशकात. उत्तर अटलांटिकसारखा खवळलेला समुद्र त्यांच्या दारात, तो शांत व्हायची वाट बघत बसले असते तर वर्षातले कितीतरी महिने हेलिकॉप्टर उडालंच नसतं. त्यांनी बेअरट्रॅप बनवला, म्हणजे शब्दशः अस्वलाचा सापळा.

ते असं चालतं. हेलिकॉप्टर डेकच्या वर येऊन एक बारीक दोर खाली सोडतं. खालचे लोक त्याला जाड पोलादी केबल जोडतात, ती वर ओढून हेलिकॉप्टरच्या पोटाखालच्या दांड्यात अडकते. आता खालचं विंच केबल एकसारख्या ताणात धरून ठेवतं, डेक वर आलं तर केबल गुंडाळतं, खाली गेलं तर सोडतं, ताण बदलत नाही. पायलट उलट जोर लावून वर ओढत राहतो, हो, उतरताना तो वर ओढत असतो, त्यामुळं हेलिकॉप्टर ताणलेल्या पतंगासारखं डेकच्या बरोबर मध्यावर थिर राहतं. मग शांत क्षण आला की खालून ताण वाढवतात, हेलिकॉप्टर खाली येतं, अन् टेकल्या टेकल्या सापळ्याचे जबडे तो दांडा पकडतात. पकडलं म्हणजे पकडलं. आणि तोच सापळा रुळावरून सरकत हेलिकॉप्टरला हँगरमधी घेऊन जातो, त्या हलत्या डेकवर दहा-दहा टनांचं धूड माणसांनी ढकलायची गरजच नाही. मशीन म्हणून सांगतो, दोन हलत्या वस्तू जोडायच्या तर त्यांचं अंतर धरून ठेवण्यापेक्षा त्यांच्यामधला ताण धरून ठेवणं सोपं, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला माझा नमस्कार. आपल्या नेव्हीत लिएंडर वर्गातल्या शेवटच्या दोन जहाजांवर, तारागिरी आणि विंध्यगिरीवर, सी किंगसाठी हेच बसवलं होतं. अमेरिकनांनी पुढं ह्याच कल्पनेवर स्वतःची यंत्रणा केली.

फ्रेंचांची वाट वेगळी. डेकमधी मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकांची गोल जाळी, अन् हेलिकॉप्टरच्या पोटातून एक हार्पून बाहेर येऊन त्या जाळीत घुसून अडकतो. हे हलक्या हेलिकॉप्टरला बरं. ब्रिटिशांचं लिंक्स तर पाती उलट्या कोनात फिरवून स्वतःला डेकवर दाबून धरतं. रशियन कामोव्हला एकावर एक असे दोन पंखे, उलट सुलट फिरणारे, शेपटीचा पंखाच नाही, त्यामुळं आडव्या वाऱ्याचा त्रास कमी अन् लांबीला आखूड, जहाजावर जागेला सोयीचं. आपल्याकडं कामोव्ह २८ पाणबुड्यांसाठी अन् कामोव्ह ३१ लांबवरच्या विमानांवर नजर ठेवायला हाय, त्याच्या पोटाखाली मोठा रडार उघडतो.

आता गंगाखेडकर काका, तुमच्यासाठी खास. आपल्या नदीच्या नावाचं जहाज होतं, आयएनएस गोदावरी, १० डिसेंबर १९८३ ला नेव्हीत आलं. एकाच फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर, दोन हेलिकॉप्टर नेणारं हे आपलं पहिलं. त्याची रुंदी साडेचौदा मीटर, आणि सी किंगच्या पंख्याचा व्यास जवळपास १९ मीटर! म्हणजे पंखा जहाजाच्या दोन्ही कडांच्या बाहेर जातो. त्याच्या जोडीची दोन, गंगा आणि गोमती. १९८८ ला मालदीवमधून बंडखोर ओलीस घेऊन मालवाहू जहाजातून पळाले तेव्हा त्यांना गाठायला गोदावरी अन् बेतवा गेली होती. २३ डिसेंबर २०१५ ला गोदावरी निवृत्त झाली. मी त्या दिवशी बातमी वाचून पैठणला जाऊन आलो होतो, नाथसागराच्या काठावर उगीच थोडा वेळ बसलो.

वारा तक्त्यात बसतच नसेल तर अजून एक सोय असते, न उतरता इंधन घ्यायचं. हेलिकॉप्टर जहाजाच्या बाजूला थांबतं, वरून दोरानं इंधनाचा पाईप ओढून घेतं, तिथंच अधांतरी टाकी भरतं अन् परत थांबतं, तोपर्यंत समुद्र जरा ऐकेल किंवा जहाज बऱ्या जागी जाईल.

एक कुणी बोलत नाही ते बोलतो, मीठ. खाली थांबलं की पंख्याच्या हवेनं खारं पाणी उडून सगळीकडं बसतं, काचेवर, इंजिनात, सांध्यासांध्यात. उतरल्यावर गोड्या पाण्यानं धुवावंच लागतं, अन् समुद्रात गोडं पाणी जहाजाला स्वतःच तयार करावं लागतं. वर हँगर लहान म्हणून पाती घडी घालून ठेवायची. आपल्या देशी बनावटीच्या ध्रुव हेलिकॉप्टरला नेव्हीत सुरुवातीला हीच अडचण आली, पाती घडी करूनसुद्धा लहान जहाजांच्या हँगरच्या मानानं रुंदी जास्त व्हायची. उडण्याइतकाच घडी घालण्याचाही विचार डिझाइनच्या पहिल्या दिवशीच करावा लागतो, आमच्या धंद्यात रोज हेच सांगून थकतो.

जुना_एअर_हँडलर

मशीनवाले भाऊ, एकदम बरोबर. त्यात एक भर घालतो. पंखा सुरू होताना अन् बंद होताना पाती हळू फिरतात, तवा ती ताठ नसतात, वाऱ्याच्या झोतानं वर-खाली फडफडतात अन् शेपटीवर आपटू शकतात. जमिनीवर सहसा कुणाला कळत नाही, जहाजावर तीच वेळ जपावी लागती. म्हणून ब्रेक लावून झटकन थांबवतात.

आता रात्रीचं. दादा, खोटं बोलणार नाही, अमावस्येच्या रात्री समुद्रावर आभाळ कुठं संपलं अन् पाणी कुठं सुरू झालं हे दिसतच नाही. आपल्या शिवारात कितीबी अंधार असला तरी कुठंतरी एखादा दिवा असतो, तिथं काहीच नाही. जहाजावर उतरायच्या वाटेचा एक रंगीत दिवा असतो, किती उंचावरनं यायलो ते त्याच्या रंगावरनं कळतं, लाल दिसला म्हणजे खाली आलोय, वर घे. डेकवर मंद दिवे. अन् रेडिओवर जहाजावरनं एकजण सारखं अंतर अन् दिशा सांगत राहतो. नवीन पायलटला रात्री लगेच पाठवत नाहीत, दिवसाची लँडिंगं पक्की झाल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

जहाज सापडणं. जिथनं उडालं तिथं जहाज थांबलेलं नसतं हे बरोबर. वेग १८ नॉट धरा, म्हणजे तासाला १८ सागरी मैल, दोन तासांत जहाज ३६ सागरी मैल गेलं, म्हणजे ६७ किलोमीटर, संभाजीनगरहून जालन्याच्याबी थोडं पुढं. पण उडायच्या आधीच ठरलेलं असतं की इतक्या वाजता जहाज कुठं असंल, हेलिकॉप्टरात रडार असतं, अन् पायलटच्या जोडीला ऑब्झर्व्हर असतो ज्याचं निम्मं काम हेच. आमच्या काळात एकदाबी असं झालं नाही की आमचं आम्हाला सापडलं नाही.

लातूर_वाचक

सगळं वाचलं, माहिती चांगली हाय, पण मी वेगळं बोलणार. काकांनी खरं सांगा म्हणलंय ना, मग अपघाताचं का कुणी बोलत नाही? ८ मार्च २०२३ ला नेव्हीचं ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावं लागलं, नशिबानं तिघंही वाचले. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव धावपट्टीवर पडलं, तिघं गेले, अन् त्यानंतर देशातली सगळी ध्रुव जमिनीवर बसवावी लागली. आणि आता ड्रोनचा जमाना आलाय, मग एवढ्या खवळलेल्या समुद्रात जितीजागती माणसं पाठवायचीच कशाला? मला पण एक मुलगी हाय म्हणून विचारतोय, भांडायला नाही.

जुना_एअर_हँडलर

तुमचा प्रश्न रास्त हाय भाऊ, अन् तुम्ही दोन्ही घटना बरोबर सांगितल्या. धोका कमी करून सांगणार नाही. माझ्या ओळखीतली माणसं गेलेली हायत, त्यांच्याबद्दल इथं लिहिणार नाही.

पण कशाला पाठवायचं, तर ऐका. पाणबुडीला जहाजाचा आवाज लांबनं ऐकू येतो, ती सावध होती. हेलिकॉप्टर काय करतं, पाण्याच्या वर पन्नास-साठ फुटांवर थांबतं, केबलला सोनार, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकायचं यंत्र, बांधून खाली पाण्यात सोडतं, ऐकतं, उचलतं, दुसरीकडं जाऊन परत बुडवतं. जहाज तासात जेवढं अंतर जाईल ते हेलिकॉप्टर दहा-पंधरा मिनिटांत. अन् सापडली की टॉर्पेडो त्याच्याच पोटाखाली. पाणबुडी त्याचा पाठलाग करू शकत नाही, त्याला सहजासहजी मारूबी शकत नाही. म्हणून तर २०२० ला अमेरिकेकडनं २४ एमएच-६० रोमिओ घ्यायचा करार झाला, त्यांची पहिली तुकडी ६ मार्च २०२४ ला कोचीला सुरू झाली. सोनारात काय ऐकू आलं, ती पाणबुडी की देवमासा की नुसतं थंड-गरम पाण्याच्या थरांचं फसवं परत येणं, हे ठरवायला अजून माणूसच बसवावा लागतो. ड्रोन येतील, काही कामं घेतीलच, चांगलंच हाय.

अन् दुसरं. मे २०२१, तौक्ते वादळ. समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा बार्ज, म्हणजे कामगार राहायची सपाट तळाची बोट, बुडाला, २६१ माणसं होती. रात्रभर आयएनएस कोची अन् कोलकाता त्या लाटांत माणसं उचलत होती, पुढं हेलिकॉप्टरंबी लागली. १८६ वाचली. बार्जवरच्या माणसाला दोरीच्या टोकाला कोण आलंय हे विचारा, तो तुम्हाला सांगंल माणूस कशाला पाठवायचा ते. लातूरकर भाऊ, त्र्याण्णवच्या किल्लारीच्या वेळी आपल्याकडं जे कोणी बाहेरनं धावून आले, त्यांच्याबी घरी कुणीतरी वाट बघत होतंच की.

लातूर_वाचक

बार्जचं माहीत होतं पण त्या बाजूनं विचार केला नव्हता. माझी शंका अजून पूर्ण गेली नाही, पण तुम्ही राग न धरता उत्तर दिलंत त्याबद्दल आभारी हाय.

जालन्याची_लेक

काका, मी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा दोनदा दिलेली मुलगी आहे, माझं झालं नाही, पण त्यामुळं सगळी वाट पाठ आहे म्हणून लिहिते. तुमच्या मुलीला सांगा बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही ठेवायचेच, नेव्हीला ते लागतात. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. मुलींची पहिली बॅच २०२२ ला आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ जणी पास होऊन बाहेर पडल्या. तयारीसाठी आपल्या संभाजीनगरला सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था मुलांसाठी खूप वर्षांपासून आहेच, मुलींसाठी आता नाशिकला आहे, चौकशी करा, दहावीनंतर घेतात पण अकरावीला असली तरी विचारून बघायला काय जातं. बारावीनंतर नाही झालं तरी पदवी किंवा इंजिनिअरिंग करून नेव्हीत जायच्या वेगळ्या वाटा आहेत, एकाच दारावर सगळं संपत नाही, हे मला उशिरा कळलं.

आणि तुमची मुलगी पहिली नाही, तिला एकटं वाटायला नको. सप्टेंबर २०२० मध्ये सब लेफ्टनंट कुमुदिनी त्यागी आणि सब लेफ्टनंट रीती सिंग ह्या दोघी जहाजावरच्या हेलिकॉप्टरमध्ये ऑब्झर्व्हर म्हणून निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला. जून २०२४ मध्ये अनामिका राजीव तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजाली ह्या नौदलाच्या हवाई तळावरून नेव्हीच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर पायलट झाल्या. आम्ही मैत्रिणींनी ती बातमी एकमेकींना पाठवून पाठवून इतकी फिरवली की घरचे विचारायला लागले कोण गं ही.

अजून एक, काका. माझ्या वडिलांनी कधीच असा प्रश्न कुणाला विचारला नाही, सरळ नको म्हणाले होते, मग वर्षभरानं हो म्हणाले. तुम्ही आधी विचारताय ते बघून फार बरं वाटलं.

गंगाकाठ_गंगाखेड

ताई, वडिलांवर राग ठेवू नका, भीतीपोटी माणूस आधी नकोच म्हणतो, मीबी म्हणणारच होतो. तुमचं सगळं पोरीनं वहीत उतरवून घेतलंय. नाशिकला फोन करतो.

वाळूजवाले भाऊ, आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून तर गंगाखेड. गोदावरी अन् गंगा दोन्ही नावांची जहाजं होती हे मला माहीतच नव्हतं. काल घाटावर गेलो तवा पोरीला सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं, पहिल्यांदाच मला काहीतरी तिला सांगता आलं ह्या विषयातलं.

हँडलर दादा, शेवटचा प्रश्न. हेलिकॉप्टर पाण्यात पडलंच तर आतल्या माणसाचं काय?

जुना_एअर_हँडलर

इंजिन, गिअरबॉक्स, पंखा, सगळं वजन डोक्यावर असतं, म्हणून हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की उलटं होतं. काहींना बाजूला फुगणारे फुगे असतात, त्यानं थोडा वेळ मिळतो. खरं काम येतं ते शिक्षण. कोचीला पाण्याच्या टाकीत हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा एक सांगाडा हाय, त्यात पट्ट्यानं बांधून बसवतात, पाण्यात सोडतात अन् उलटा करतात. आधी उजेडात, मग अंधारात. नियम एकच शिकवतात, एक हात खिडकीच्या कडेला धरून ठेवायचा, काही झालं तरी सोडायचा नाही, कारण उलटं झाल्यावर वर कुठं अन् बाहेर कुठं कळतच नाही. सगळं हलायचं थांबंपर्यंत दम धरायचा, मग पट्टा सोडायचा, अन् त्या हातामागं बाहेर. घाई केली, आधीच पट्टा सोडला, की माणूस आतल्या आत भिरभिरतो.

चांगले धडधाकट गडी पहिल्या वेळी घाबरून जातात. ज्यांना लहानपणापासनं पाण्याची सवय असती, नाकातोंडात पाणी गेलं तरी जे गडबडत नाहीत, त्यांना सोपं जातं. पोरीला पोहता येतं का?

गंगाकाठ_गंगाखेड

नाही येत. आमच्याकडं पोरांना शिकवतात, पोरींना कुणी शिकवत नाही.

यंदा विहीर काठोकाठ हाय. माझ्या चुलत्यानं आम्हा सगळ्या भावांना पाठीला डबा बांधून तिथंच शिकवलं होतं, तो अजून धडधाकट हाय, आत्ताच फोन केला. रविवारी सकाळी सहाला उतरवतो म्हणला. धाकटीबी यायचं म्हणायलीय.